सोवळ्यातली सायकल

आमच्या गोरेगावात तळं नाही. बाजार आहे, सेनगावला आणि हिंगोलीला जाणाऱ्या जीपा आहेत, चहाची दुकानं आहेत, पण तळं म्हणाल तर नाही. असं असूनही मी एका अनोळखी बाईंसमोर, इस्त्रीचा ड्रेस घालून, छाती पुढं काढून इंग्रजीत सांगून आले की मी सायकल शिकले ती निळ्याशार तळ्याच्या काठी, सूर्य मावळत असताना, आणि माझ्या प्रेमळ वडिलांनी मागून सीट धरलं होतं. देवाच्या दरबारात उशीर होत असेल, परीक्षेच्या दरबारात होत नाही. बोलण्याच्या परीक्षेत माझा अर्धा बँड, म्हणजे तिथला अर्धा गुण, कमी पडला.

मी नर्स आहे. हिंगोलीत एका खासगी दवाखान्यात ड्युटी करत होते आणि आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात माझी निवड झाली होती. अडलं होतं ते इंग्रजीच्या परीक्षेपाशी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, सगळं निघालं. बोलणं तेवढं राहिलं. आता मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, बोलण्यात मी नापास होणं म्हणजे काय! माझा आवाज ऐकून पेशंट सुई टोचायच्या आधीच हात सरळ करतो. वॉर्डात नातेवाइकांची गर्दी झाली की डॉक्टर मलाच पुढं करायचे. पण इंग्रजीत तोंड उघडलं की मी एकदम गरीब गाय व्हायची. मला माझाच राग यायचा.

म्हणून क्लास लावला. हळदीच्या मार्केटजवळ, खताच्या दुकानाच्या वर. खिडकी उघडली की हळदीची धूळ आत यायची, बंद केली की युरियाचा वास कोंडायचा. आमच्या बॅचचं इंग्रजी शिंकत शिंकतच वाढलं. शिकवणारे सर स्वतः नांदेडच्या पलीकडं गेले होते की नाही देव जाणे, पण परदेशी माणसाला काय आवडतं ते त्यांना पाठ होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं आणि लहानपणी सायकल चालवायचीस का, असं इंग्रजीत विचारलं. मी माझ्या इंग्रजीत खरं ते सांगितलं. येस सर, ब्लॅक सायकल, व्हेरी हाय, माय लेग नॉट रीचिंग, आय फॉल इन हळद.

सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना कळ आल्यासारखं वाटलं मला.

"हळद कट," ते म्हणाले. "फॉरेनरला हळद म्हणजे दुधात घालायची पावडर. त्यात माणूस पडतो कसा? त्याला इमोशन दे, बेटा. तळं टाक. सनसेट टाक. पडलीस ना? मग वडिलांनी उचललं, आइस्क्रीम दिलं, आणि तू शिकलीस की आयुष्यात हार मानायची नाही. देख, कैसा खुल गया आन्सर!"

उत्तर खुललं खरं, फक्त त्यात मी कुठंच उरले नाही. सर याला सुधारणा म्हणायचे. महिन्याभरात त्यांनी पूर्ण बॅचचं बालपण असं सुधारलं. कुणाची सायकल, कुणाची बैलगाडी, कुणी आयुष्यात कधी गावाबाहेर न गेलेलं, सगळ्यांना एकाच तळ्याच्या काठी आणून बसवलं. वर त्यांचा मंत्र असा, की प्रश्न कोणताही येवो, गाडी सायकलवर आणायची. आवडती व्यक्ती विचारली? सायकल शिकवणारे वडील. आवडती जागा? सायकल शिकले ते तळं. आनंदाचा दिवस? सायकल आली तो दिवस.

माझ्याच दवाखान्यातली माझी एक मैत्रीण या क्लासला होती, डोंगरकड्याची. तिला सायकलची इतकी भीती की स्कूटीवर मागं बसली तरी डोळे मिटून मारुतीचं नाव घेते. पण तळ्याचं उत्तर तिच्याइतकं छान कुणी म्हणत नसे. "अँड देन ही लेट गो" म्हणताना तिच्या डोळ्यांना धार लागायची. एकदा मी तिला विचारलं, "अगं, तुझ्या बाबांनी खरंच शिकवली का?"

"नाही गं, आमच्याकडं ट्रॅक्टर," ती डोळे पुसत म्हणाली.

पहिल्या वेळी तिला सुटी मिळाली नाही, मी एकटीच संभाजीनगरला परीक्षेला गेले. समोरच्या बाई गोड होत्या. मी तळं, सूर्य, वडील, आइस्क्रीम सगळं धाडधाड म्हणून दाखवलं. त्यांनी हसून एवढंच विचारलं, की सायकलचा रंग कोणता होता? सरांच्या उत्तरात रंगच नव्हता हो! मी छताकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आणि शेवटी म्हणाले, "माय फादर नोज." अर्धा बँड तिथंच गेला असणार.

परत आल्यावर सरांनी सुधारणेत सुधारणा केली. सायकल लाल. आयर्लंडवाल्यांनी कळवलं होतं की अजून एकदा परीक्षा देता येईल, तेवढं थांबतो, नंतर जागा दुसरीला जाईल. माझ्यासाठी ती शेवटचीच गाडी होती. लग्नाची स्थळं घेऊन माणसं दारात येऊन राहिली होती आणि बाबा त्यांना प्रत्येक वेळी "पोरीची परीक्षा होऊ द्या" म्हणून चहावर वाटेला लावत होते.

त्या रविवारी मी घरी गेले आणि ओसरीत येरझाऱ्या घालत उत्तर घोकू लागले. बाबा जेवून पान लावत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण फादर कळतं.

"सारखं फादर फादर काय लावलंस? माझ्याबद्दल काय सांगून राहिली तू लोकांना?"

मी मराठीत करून सांगितलं. तळ्यापाशी ते नुसते हसले. सूर्य मावळला, त्यालाही मान हलवली. पण "बाबांनी मागून सीट धरलं" म्हणताच त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडं बघितलं. तिथं आई भांडी लावत होती.

"मी सीट धरलं?" ते आवाज खाली आणून म्हणाले. "काहून खोटं सांगतीस? मी कवा हात लावला सीटला? बापाचं नाव खराब करती का?"

"अहो बाबा, परीक्षा आहे ती. तिथं कोण तुम्हाला ओळखतं?"

"ओळखत नसतील. पर देव तर ओळखतो ना! काढून टाक ते. दुसरं काय बी सांग, सीट सांगू नको."

ते इतके कासावीस झाले की मला हसू आवरेना. कारण खोटं होतं ते तळं, तो सूर्य आणि ते आइस्क्रीम. सीट मात्र खरं होतं, आणि ते फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

बाबा गावातल्या महादेवाचे पुजारी. सकाळी आंघोळ करून सोवळं नेसलं की पूजा उरकेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. आम्ही लेकरांनी तर मुळीच नाही. लहानपणी माझी पक्की समजूत होती की आपल्याला बाबा दोन आहेत, सकाळचे देवाचे आणि दुपारनंतरचे आपले. त्यात चामडं म्हणजे तर कहर. चप्पल नाही, पट्टा नाही, घड्याळसुद्धा चामडी पट्ट्याचं म्हणून दुपारीच मनगटावर चढायचं.

आणि सायकल होती शेजारच्या पोस्टातल्या काकांची. काळी, उंच, लोखंडाचा जीव, आणि तिचं सीट अस्सल चामड्याचं. काका टपाल घेऊन निघायच्या आधी सकाळी ती मला मिळायची. नेमके त्याच वेळी बाबा सोवळ्यात, हातात पाण्याचा तांब्या घेऊन देवळाकडं निघायचे. त्यामुळं माझं सायकल शिकणं आणि बाबांचं देवळात जाणं एकाच रस्त्यानं चालायचं.

मी कैची चालवायची. म्हणजे सीटवर बसायचंच नाही, दांड्याखालच्या त्रिकोणातून एक पाय पलीकडं घालायचा, एक हात हँडलला, दुसरा सीटला मिठी मारून, आणि अर्ध्या पायडलनं खडखड करत जायचं. आमच्याकडं सगळे असेच शिकले. बाबांना स्वतःला सायकल येत नव्हती, आजही येत नाही. पण सूचना देण्यात ते कमी नव्हते. माझ्यापासून दोन हात लांब, तांब्या छातीशी धरून, सोवळं सावरत ते पळायचे आणि ओरडायचे, "पुढं पाह्य! पायडल मार! अगं लांब हो, शिवशील मला!" मी तोल जाऊन त्यांच्या बाजूला कलले की सायकलपेक्षा तेच जास्त घाबरायचे. लोक दारात उभे राहून तमाशा बघायचे.

एक दिवस मला खुमखुमी आली. किती दिवस कैची? मी पारावर सायकल टेकवली आणि थेट सीटवर चढले. पाय धड पायडलला पोचेनात. देवळाच्या पुढं उतार आहे आणि उताराच्या खाली तेव्हा एकांचं खळं होतं, तिथं हळद शिजवायची कढई लागली होती. हळदीचे दिवस, माघातली थंडी, कढईतून वाफेचे लोट निघत होते. सायकल उताराला लागली आणि तिनं माझं ऐकणं सोडलं.

"ब्रेक दाब!" बाबा मागून ओरडले.

"कुठं असतो?"

"मला काय माहीत!"

आज आठवून मी पोट धरून हसते. तेव्हा मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. समोर वाफ, वाफेमागं कढई, आणि मागं तांब्या दगडावर आपटल्याचा खणकन आवाज. बाबांनी देवाचं पाणी टाकून दिलं होतं. मागचं कॅरिअर असतं तर त्यांनी ते लोखंड धरलं असतं, लोखंडाला सोवळ्यात बंदी नाही. पण कॅरिअर मोडलं होतं म्हणून काकांनी ते वेल्डिंगला दिलं होतं. धरायला एकच वस्तू होती. बाबांनी दोन्ही हातांनी ते चामड्याचं सीट मागून गच्च पकडलं, टाचा मातीत रोवल्या आणि सायकल, मी, सोवळं, असे सगळे मिळून कढईच्या अलीकडं उकडून पसरलेल्या हळदीत आडवे झालो.

"लागलं का? कुठं लागलं? दाखव, हात दाखव," म्हणत त्यांनी मला पुढून मागून चाचपून बघितलं. सकाळच्या बाबांनी मला हात लावल्याची ती पहिलीच वेळ. मला तर हळदीपेक्षा त्याचंच अप्रूप वाटत होतं. मला काही झालं नाही हे पटल्यावर त्यांनी आपल्या हातांकडं बघितलं. मग चारी बाजूला बघितलं. खळ्यावरची माणसं धुराच्या पल्याड जाळ सारत होती.

"कुनी पाह्यलं न्हाई ना?" ते कुजबुजले. "आईला बोलू नको बरं. उगी तिला घोर."

आम्ही मागच्या दारानं घरी आलो. बाबांनी हौदातलं गार पाणी डोक्यावर ओतायला सुरुवात केली. गरम पाणी मागावं तर आई का म्हणून विचारणार! आई आलीच. "आत्ता तर आंघोळ झाली ना तुमची?"

"उ-उ-उकडून राहिलं," बाबा दात वाजवत म्हणाले.

माघात! आई क्षणभर त्यांच्याकडं बघून आत गेली. त्या दिवशी महादेवाची पूजा उशिरा झाली आणि मी हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळी होऊन शाळेत गेले. ही गोष्ट मग घरात कधी निघालीच नाही.

तर ही सीटची हकीकत. दुसऱ्या परीक्षेला आम्ही दोघी मैत्रिणी बरोबर गेलो. आधी तिचा नंबर लागला. बाहेर आली ती रुमालानं नाक पुसतच.

"काय विचारलं?"

"आवडती जागा. मी तळं सांगितलं. फार छान झालं गं, मला रडूच आलं."

मग मी आत गेले. समोर वयस्कर, चष्मा लावलेले एक परदेशी गृहस्थ. त्यांनी मला लहानपणी मोठ्यांकडून शिकलेली एखादी गोष्ट सांगायला सांगितलं. मी सुरुवात केली, की आमच्या गावाला एक निळंशार तळं आहे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ते फार सभ्य होते. पण डोळ्यांत जी ओळख दिसली ना, ती मी वॉर्डात रोज बघते. एकच तक्रार सकाळपासून ऐकणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांत असते ती. आमच्या क्लासची निम्मी पोरं त्या दिवशी तिथंच होती. त्या माणसाचे पाय सकाळपासून तळ्यात असणार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्यांचा नाही, सरांचाही नाही. राग या गोष्टीचा, की माझ्या बाबांनी देवाचं पाणी सांडून मला धरलं, आणि मी मात्र आयर्लंडला जाण्यासाठी कुणाच्या तरी भलत्याच बापाचं कौतुक सांगून राहिले. जागा जाते तर जाऊ दे म्हणाले मनात.

"सॉरी सर," मी म्हणाले, "नो लेक."

त्यांनी मान वर केली.

"नो लेक, नो सनसेट, नो आइस्क्रीम. ओन्ली फादर."

आणि मग मी सुटले. सोवळ्याला इंग्रजीत काय म्हणतात मला आजही माहीत नाही. मी सांगितलं, की माझे वडील सकाळी फक्त देवाचे असतात, त्या वेळी लेकरानंसुद्धा त्यांना शिवायचं नसतं. त्यांना ब्रेक माहीत नव्हता तेही सांगितलं. ते चामडं, तो उतार, ती कढई, गार पाण्याची आंघोळ, सगळं हातवारे करून, उठून पळून दाखवून सांगितलं. क्रियापदं कुठल्या काळात पडली देव जाणे. ते गृहस्थ "उकडून राहिलं"ला चष्मा काढून हसले. वेळ संपली तेव्हा मला थांबवायला त्यांना दोनदा थँक यू म्हणावं लागलं.

रंग त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर मी सांगणारच होते. काळा.

मला हवा होता तेवढा बँड मिळाला, आणि माझ्या मैत्रिणीला तळ्यावर माझ्यापेक्षा जास्त मिळाला. जगात न्याय आहे असं मी कधीच म्हटलं नाही. सरांनी माझ्याकडून पूर्ण उत्तर ऐकलं, भारावून गेले, आणि ते सुधारून पुढच्या बॅचला पाठ करायला दिलं. आता म्हणे हिंगोली जिल्ह्यातून परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराचा बाप पुजारी असतो. कढई मात्र सरांना खटकली. तिथं त्यांनी तळं टाकलं.

घरी निकाल सांगायला गेले तेव्हा बाबांना बाजूला घेऊन कबूल केलं, की मी ती सीटची गोष्ट सांगून टाकली.

"इंग्रजीत ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग हरकत न्हाई. आपल्या महादेवाला कुठं इंग्रजी येतं." मग स्वयंपाकघराकडं बघून हळूच, "तुझ्या आईला बी न्हाई."

निघायचा दिवस आला. हिंगोलीला नेणारी जीप सकाळीच दारात उभी राहिली. थंडीचेच दिवस होते. बाबा आंघोळ करून सोवळं नेसून बसले होते, पूजा चुकवणं त्यांना जमणार नव्हतं आणि जीपवाला थांबणार नव्हता. मी आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. बाबांना लांबूनच, जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला. ते हातात तांब्या घेऊन उभे होते.

"नीट राह्य. जेवत जा. तिथं थंडी असती म्हणतात, स्वेटर घाल," ते म्हणाले. अगदी सायकलच्या वेळेसारखं, दोन हात लांबून.

मी जीपमध्ये बसले. जीप सुरू झाली, खडखडली. आणि बाबांनी तांब्या ओट्यावर ठेवला, पुढं आले, खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, माझं डोकं धरून ठेवलं. मग माझे गाल धरले. जीपवाला हॉर्न वाजवत होता. एवढी परीक्षा पास झालेली पोरगी मी, आणि मला धड मराठीतसुद्धा काही बोलता आलं नाही.

"बाबा, अहो, सोवळं," एवढंच कसंबसं म्हणाले.

"असू दे," ते म्हणाले. "करतो परत आंघोळ."

दारातून आईचा आवाज आला. इतक्या वर्षांत ती गोष्ट तिनं पहिल्यांदाच काढली.

"या आत. दुसरं पाणी तापवून ठेवलंय. त्या दिवशीसारखी गार पाण्यानं नका करू."